खालच्या जागेची आग, रिपोर्ट सगळे नॉर्मल. आता कुणाकडे जायचं?

अबोली_डिचोली
नमस्कार. विषय नाजूक आहे, पण घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय. वय ३४, एक मुलगी आहे. वर्ष उलटून गेलं, योनीच्या तोंडाशी सारखी आग होते. खाज नाही, पुरळ नाही, अंगावरून पांढरं जाणंही नेहमीइतकंच. नुसती आग, कापलेल्या जागी मिरचीचा हात लागावा तशी. जीन्स घालून स्कूटरने साखळीपर्यंत गेलं की परत येताना सीटवर बसवत नाही. नवऱ्याशी संबंध जवळजवळ बंद आहेत, कारण सुरुवातीलाच जीव जातो.

डॉक्टर बदलून झाल्या. जाईन तिथे "फंगल आहे" म्हणून क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या, फ्लुकोनॅझोल, आणि वर धुवायला एक सुवासिक लिक्विड. लघवी, सोनोग्राफी, पॅप, साखर, सगळं नॉर्मल. शेवटच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला काहीच झालेलं नाही, मन रमवा."

रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणं खरं, असं असू शकतं का? स्त्रीरोगवाल्यांकडे जायचं, की त्वचेच्या, की नसांच्या? गोव्यात कुणी हे नीट बघतं का? डॉक्टरांची नावं इथे नकोत, निरोपात पाठवा.

सुरंगी
अबोली, तू माझंच लिहिलंस. रात्री मुलं झोपली की सविस्तर लिहिते. तोवर एवढंच, की असू शकतं. नक्की असू शकतं.

तिरफळ
पुरुषांनी वाचलं तर चालेल ना? बायको शेजारी बसून वाचतेय, मी नुसता स्क्रोल करतोय.

अबोली_डिचोली
वाचा की. लिहिताना मात्र जरा बघून लिहा.

कुळागर
बाय, इतक्या गोळ्या खाऊ नको. फटकीच्या, म्हणजे तुरटीच्या, पाण्याने सकाळ-संध्याकाळ धू, कडुलिंबाचा पाला उकळून त्यात बस, वर खोबरेल लाव. आमच्या आयांनी हेच केलं. आणि ते जीनचं खूळ सोड. पावसात तर ती चार दिवस वाळत नाही, तशीच दमट घालता तुम्ही पोरी.

डॉ_मोगरी
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, फोंड्याकडची. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण प्रश्न इतका नेमका आहे की सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

हो, असू शकतं. योनिमुखाच्या भागात तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतं किंवा आग होते आणि तपासून ठोस कारण सापडत नाही, त्याला व्हल्व्होडायनिया म्हणतात. ही व्याख्या २०१५ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र बसून ठरवली. आजार मात्र नवा नाही. १८८० च्या सुमारास अमेरिकेतल्या स्त्रीरोगाच्या पाठ्यपुस्तकांत या जागेच्या नसा अतिसंवेदनशील झालेल्या बायकांचं वर्णन आहे. अमेरिकेतल्या पाहण्यांत आयुष्यात कधीतरी असं रेंगाळणारं दुखणं आलेल्या बायका ८ ते १६ टक्क्यांच्या घरात निघाल्या. म्हणजे तुमच्या कदंबाच्या भरलेल्या बसमध्येही दोघी-तिघी असतील, फक्त कुणी बोलत नाही.

पण हे निदान शेवटी यायला हवं. आधी बाकीची कारणं गाळावी लागतात, आणि घोळ तिथेच होतो. बुरशीचं इन्फेक्शन न बघता फक्त ऐकून ठरवतात. बुरशीत सहसा खाज जास्त असते. खात्री करायची तर आतला स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायचा आणि वारंवार तक्रार असेल तर कल्चर लावायचं, म्हणजे लॅबमध्ये त्यातून काही वाढतं का ते बघायचं. पाळी सुरू असलेल्या वयात पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. बुरशीत तो बहुधा तेवढाच राहतो, बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडतो तेव्हा, वाढतो. कल्चरमध्ये काही आलं नाही तर पुढच्या गोळीला अर्थ नाही. उलट त्या क्रीममधल्या घटकांनीच कातडी चिडते आणि आग वाढते.

मग कातडीचे आजार: लायकेन स्क्लेरोसस, लायकेन प्लॅनस, एक्झिमा, साबणाची किंवा पॅडची अॅलर्जी. हर्पिस झाल्यानंतर राहिलेली वेदना. पाळी गेल्यावर किंवा अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी होऊन येणारा कोरडेपणा. यातलं बरंचसं चांगल्या उजेडात, नीट वेळ देऊन पाहिलं तर डोळ्यांना दिसतं. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, गाठ, किंवा रंग बदललेला डाग असेल तर बायोप्सीला टाळाटाळ करू नये.

एवढं झाल्यावर कापसाच्या काडीची तपासणी. कान साफ करायला मिळते तसली काडी, जराशी ओली करून. आधी मांडीच्या आतल्या बाजूला टेकवतात, मग बाहेरचे ओठ, मग आतले, आणि शेवटी योनीच्या तोंडाभोवतीची कडा. ती कडा घड्याळासारखी धरून एकेका आकड्यावर हलकेच टेकवायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, शून्य ते दहात किती? पुष्कळ जणींचं वरच्या बाजूला काही नसतं आणि चार ते आठच्या मध्ये, म्हणजे गुदद्वाराकडच्या बाजूला, नुसत्या स्पर्शानेच आठ-नऊ सांगतात. या तपासणीला ना मशीन लागतं ना लॅब. म्हणून ती कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही, आणि रिपोर्ट "नॉर्मल" राहतो.

कुळागरमावशी, फटकी आणि कडुलिंब या जागेला नको. डेटॉल, सुवासिक वॉश, ओले वाइप्स, तेही नको. नुसतं कोमट पाणी. खोबरेलावर मात्र आपलं भांडण नाही. सोसत असेल तर पातळ थर लावायला हरकत नाही, फक्त कंडोम वापरत असाल तर लॅटेक्सला तेल चालत नाही.

कुळागर
बरं बाई. निदान खोबरेल तरी पास झालं.

सुरंगी
आता लिहिते. माझी सुरुवात बाळंतपणानंतर झाली. टाके भरले, सगळं छान, पण आग राहिली. मला पण ट्यूबांवर ट्यूबा. फार्मसीवाला ट्यूब अशी वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायचा की मागच्या गिऱ्हाइकाला वाटावं मी गांजाच घेऊन चालले. एकदा त्यानेच "ही चांगली चालते" म्हणून दुसरी ट्यूब दिली. त्यात तीन औषधं एकत्र होती. लावली की दोन दिवस गार वाटायचं, मग दुप्पट आग.

डॉ_मोगरी
त्या "तीन औषधं एकत्र" ट्यूबबद्दल ठळक लिहिते. जोरकस स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच क्रीममध्ये. आपल्याकडे ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडतायत. जांघेतला नायटा तिच्यामुळे हट्टी होतो, कातडी पातळ आणि लाल पडते. घरात असेल तर टाकून द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबांचे फोटो घेऊन जा. निम्मं निदान त्यातच होतं.

पाटो_पूल
डॉक्टरबाईंचा आदर आहे, पण बाकी सगळं नॉर्मल असेल तर ताण हेच कारण नसेल कशावरून? आजकाल बायकांना घर, नोकरी, सासर, सगळंच आहे. योग-ध्यान करून बघावं. ऑफिसमधल्या एकीला त्यानेच बरं वाटलं.

सुरंगी
पाटोभाऊ, काडी सहा वाजताच्या जागी टेकवली तर मी टेबलावरून उठून बसते आणि बारा वाजता टेकवली तर कळतही नाही. इतकं घड्याळ बघून मन दुखतं होय?

तिरफळ
पाटो पूल कोसळला.

डॉ_मोगरी
तिरफळ, गप्प. पाटो_पूल यांचा प्रश्न रागावण्यासारखा नाही, कारण डॉक्टरही तेच म्हणतात. ज्यांची त्या कडेची शस्त्रक्रिया झाली अशा बायकांच्या कातडीच्या तुकड्यांत वेदनेच्या नसांची टोकं नेहमीपेक्षा दाट आढळली आहेत. म्हणजे बिघाड जागेवर आहे. शिवाय दुखणं महिनोन्महिने राहिलं की मेंदू आणि मज्जारज्जूही त्या जागेचे निरोप वाढवून वाचायला लागतात, साधा स्पर्शही वेदना म्हणून पोचतो. ताणाने दुखणं वाढतं, हे खरं. मधुमेह काय, दमा काय, ताणाने सगळंच वाढतं. म्हणून काही कुणी दम्याच्या माणसाला "मन रमवा" म्हणून घरी पाठवत नाही. समुपदेशनाचा, विशेषतः वेदनेशी वागायला शिकवणाऱ्या पद्धतीचा, इथे फायदा होतो हे अभ्यासांत दिसलंय. पण तो उपचाराचा एक भाग झाला. त्यावरून आजार मनाचा ठरत नाही.

पाटो_पूल
मुद्दा मान्य. माझ्या पोस्टचा रोख तसा नव्हता, पण वाचताना तसाच लागतोय खरा.

जुनी_मास्तरीण
मी ६१ वर्षांची, पेडण्याची, निवृत्त. माझी गोष्ट जरा वेगळी आहे, पण इथे उपयोगी पडेल. मला आग कमी, खाज जास्त, आणि तीही रात्री. कित्येक वर्षं "पाळी गेली की असा कोरडेपणा येतोच" हे ऐकून घेतलं. शेवटी त्वचेच्या एका डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढून पाहिलं आणि मला आरसा हातात दिला. माझ्या आयुष्यात मी ती जागा पहिल्यांदा बघितली. कातडी पांढरी, पातळ कागदासारखी सुरकुतलेली. आतले ओठ जवळजवळ नाहीसे, बाहेरच्यांना चिकटून सपाट झालेले. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. लायकेन स्क्लेरोसस.

औषध म्हणून क्लोबेटासोल ०.०५ टक्क्याचं मलम. मी स्टेरॉइड ऐकून घाबरले होते. त्यांनी बोटाच्या पेरावर किती घ्यायचं ते दाखवलं. महिनाभर रोज रात्री, मग महिनाभर एक रात्र सोडून, मग आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांना ३० ग्रॅमची एक ट्यूब पुरते, याहून जास्त लागली तर मला सांगा, म्हणाल्या. खाज पहिल्याच महिन्यात आटोक्यात आली. चिकटलेलं मात्र परत सुटत नाही. हे आधी कुणी बघितलं असतं तर, असं वाटतं, पण असो. यात थोड्या बायकांना पुढे त्या जागी कर्करोग होऊ शकतो, म्हणून मलम चालू ठेवायचं आणि वर्षातून एकदा तरी दाखवायचं.

तेव्हा माझ्या वयाच्या बायकांनो, आरसा घ्या. न्हाणीघराला कडी आहे ना?

डॉ_मोगरी
मास्तरीणबाई, यात माझी एकच भर. मी आधी ज्या ट्यूबेवर ओरडले तिच्यातही बऱ्याचदा क्लोबेटासोलच असतं. निदान पक्कं करून, नुसतं तेवढंच औषध, मोजून लावणं हा उपचार. फार्मसीतून अंदाजाने आणलेलं मिश्रण हा अपघात.

सायकल_फातोर्डा
माझं दुखणं एकाच बाजूला आहे, डावीकडे. बसलं की वाढतं, उभं राहिलं की कमी, झोपल्यावर जातं. गंमत म्हणजे कमोडवर बसलं की दुखत नाही. सायकल सोडली तरी राहिलंय. हेच का ते?

डॉ_मोगरी
तुम्ही जे लिहिलंत ते प्युडेंडल नावाच्या नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतं. बसल्यावर वाढणं, कमोडवर बरं वाटणं, रात्री झोपेतून न उठवणं ही त्याची ओळखीची लक्षणं आहेत. त्याची खात्री करताना त्या नसेजवळ बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन तेवढ्यापुरतं दुखणं थांबतं का तेही बघतात. म्हणजे तुमची वाट वेगळी, वेदनातज्ज्ञ किंवा न्यूरोकडची. तोवर मधोमध खाच असलेली उशी वापरा, आणि लांबचा स्कूटरप्रवास तोडत तोडत करा.

तिरफळ
मुळव्याधीची गोल उशी चालेल का? आमच्या घरात पिढीजात आहे.

डॉ_मोगरी
तिच्यापेक्षा मागच्या बाजूने उघडी, इंग्रजी यूच्या आकाराची बरी. पिढीजात वस्तू पुढच्या पिढीसाठी ठेवा.

माटोळी
बायकोच्या परवानगीने लिहितोय, तिने वाचून मग पोस्ट करायला दिलंय. आम्ही या सगळ्यातून गेलोय. नवऱ्यांसाठी दोन शब्द. ती टाळतेय याचा अर्थ तुम्ही नकोसे झालात असा लावू नका. आम्ही काही काळ "ते" पूर्ण बंद ठेवायचं असं ठरवून टाकलं, फिजिओथेरपिस्टच्याच सांगण्यावरून. त्याआधी मी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी ती अंग आखडायची, पुढे काय येणार म्हणून. ठरवल्यावर ते थांबलं. आम्ही पुन्हा एका चादरीत टीव्ही बघायला लागलो.

आणि एक. तिला लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं, ५ टक्क्यांचं मलम दिलं होतं. ते संबंधाआधी लावून थोड्या वेळाने पुसून टाकायचं असतं. पुसायचं राहिलं तर आपलंही बधिर होतं, आणि हे ट्यूबवर कुणी छापत नाही.

तिरफळ
बायको हसून हसून कॉटवरून पडली. देव बरें करूं माटोळीभाऊ, मौलिक माहिती.

काणकोण_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाचा तळ धरून ठेवणारे स्नायू, याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय. दुखणाऱ्या जागेला शरीर आवळून धरतं. महिनोन्महिने आवळलेला स्नायू स्वतःच दुखायला लागतो, मग आत बोट, कप, काहीही जाताना भिंत लागल्याचा भास होतो. पुष्कळ जणींत कडेची आग आणि आवळलेले स्नायू दोन्ही असतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यूट्यूबवर बघून केगेल करू नका. केगेल म्हणजे आवळण्याचा व्यायाम. तुमचा स्नायू आधीच आवळलेला आहे, तुम्हाला सोडायला शिकायचंय. सुरुवात श्वासापासून: पाठीवर झोपायचं, गुडघ्याखाली उशी, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येतं आणि तळ हलकेच खाली उतरतो, तो उतरू द्यायचा. बाहेर सोडताना मुद्दाम काही करायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण टेबलावर बोट ठेवून तपासताना फरक मला जाणवतो. त्यानंतर हाताने स्नायू मोकळे करणं, बायोफीडबॅक, म्हणजे स्नायू आवळतो-सुटतो ते यंत्रावर बघत शिकणं, आणि मग लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर, म्हणजे आत ठेवायच्या गुळगुळीत नळ्या, पेशंटच्या स्वतःच्या हाताने, तिच्या वेगाने.

२०२१ साली कॅनडातला एक मोठा अभ्यास आला, २१२ बायकांचा. दर आठवड्याला एक याप्रमाणे दहा आठवडे फिजिओथेरपी विरुद्ध रात्रभर लावायचं लिग्नोकेन. फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. माझ्या दुकानाची जाहिरात वाटेल, पण आहे ते आहे. बद्धकोष्ठ असेल तर तेही आधी सोडवा. कुंथणं म्हणजे त्याच स्नायूंवर रोजचा मार.

कुळागर
म्हणजे पूर्वीच्या बायका उकिडव्या बसून भाकरी करायच्या, विळीवर बसायच्या, ते बरंच होतं म्हणा की.

काणकोण_फिजिओ
उकिडवं बसल्याने तळ मोकळा होतो, हे खरं मावशी. पण ज्यांना आत्ता दुखतंय त्यांना चवथीच्या नेवऱ्या करायला तासन्‌तास पाटावर बसवू नका. खुर्ची द्या, तिथे बसून करंज्या काही वेगळ्या होत नाहीत.

कुळागर
करंज्या वेगळ्या आणि नेवऱ्या वेगळ्या.

जुनी_मास्तरीण
हा वाद इथे सुरू झाला तर अबोलीचा प्रश्न पुढच्या चवथीपर्यंत खाली जाईल.

तृतीय_वर्ष_विज्ञान
मी २० वर्षांची, लग्न झालेलं नाही. मेन्स्ट्रुअल कप घ्यायचा प्रयत्न केला, टॅम्पॉनही. तोंडाशीच इतकं दुखतं की जमतच नाही. वर्गातल्या मुली सहज वापरतात. मावशीला विचारलं तर म्हणाली, लग्न झालं की आपोआप जाईल. डॉक्टरकडे जायची भीती वाटते. लग्न न झालेल्या मुलीला आत यंत्र घालून तपासतात का?

डॉ_मोगरी
नाही, ते यंत्र, म्हणजे स्पेक्युलम, घालावंच असं नाही. बाहेरून बघणं आणि काडीची तपासणी एवढ्याने पुष्कळ कळतं. तू टेबलावर चढण्याआधीच सांग, "मी थांबा म्हटलं की थांबायचं." सोबत आई किंवा मैत्रीण आणायला आणि महिला परिचारिका खोलीत असावी म्हणायला कुणाची लाज नको. डॉक्टर नाराज झाल्या तर दुसऱ्या शोध. पहिल्या टॅम्पॉनपासून दुखणाऱ्या मुली असतात, तू एकटी नाहीस. लग्नाने हे जात नाही. न सांगता लग्न झालं तर पहिल्या रात्रीपासून दोघांचे हाल, ते आम्ही ओपीडीत बघतो. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील, पीसीओडीसाठी वगैरे, तर तेही सांग. काही जणींत त्यांचा संबंध असू शकतो.

तृतीय_वर्ष_विज्ञान
पीसीओडीसाठी घेते, हो. सांगेन. थँक्यू डॉक्टर.

अबोली_डिचोली
बऱ्याच दिवसांनी येतेय. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, निरोपही आले. इथल्याच एकीने सुचवलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आले. जाताना ट्यूबांचे फोटो, कुठल्या महिन्यात काय घेतलं त्याचा कागद, आणि आग कशाने वाढते त्याची यादी, सगळं नेलं. त्यांनी आधी कल्चर लावलं. त्यात बुरशी नाही, काहीच नाही. मग पुन्हा बोलावून काडीने तपासलं. पाच आणि सात वाजता मी नऊ सांगितलं, वरच्या बाजूला शून्य. ते ऐकून मला रडू आलं, कारण पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं आकड्यात लिहून घेत होतं. मग एक बोट ठेवून स्नायू तपासले, तेही कडक.

निदान: स्पर्शाने होणारं व्हेस्टिब्युलोडायनिया, म्हणजे योनीच्या तोंडाभोवतीच्या कडेपुरतं व्हल्व्होडायनिया, सोबत आवळलेले स्नायू. सगळ्या ट्यूबा आणि तो सुवासिक वॉश बंद. सुती आणि सैल कपडे, पॅड बिनवासाचं. फिजिओथेरपी सुरू करायची आहे. रात्री अॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिलंय. आता घरात नवा गोंधळ. सासूबाईंनी मोबाइलवर नाव शोधलं आणि "सून डिप्रेशनची गोळी खाते" असं नणंदेला कळवलं. आणि ऑपरेशनही असतं म्हणे, त्याबद्दल कुणाला माहीत आहे का?

डॉ_मोगरी
सासूबाईंना सांगा, हीच गोळी कमी मात्रेत नसांच्या दुखण्यासाठी आणि मायग्रेनसाठीही वर्षानुवर्षं देतात. नैराश्यासाठी लागते ती मात्रा याच्या कितीतरी पट. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, सकाळी सुस्ती येते. म्हणून जरा लवकर घ्या आणि पहिले काही दिवस सकाळी स्कूटर जपून. डॉक्टर हळूहळू वाढवतील, एकदम बंद करू नका. हृदयाचा काही त्रास असेल तर आधी सांगा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर औषधांचा पुरावा तितका भक्कम नाही. २०१० च्या एका अमेरिकन चाचणीत याच जातीची डेसिप्रामीनची गोळी आणि लिग्नोकेनचं मलम खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. २०१८ साली गाबापेंटिन या नसांच्या दुखण्याच्या औषधाचंही तसंच झालं. तरी काही जणींना त्यांनी खूप बरं वाटतं, म्हणून ठरावीक मुदत घालून वापरून बघायचं आणि उपयोग नसेल तर सोडायचं. तुमच्या यादीत माझ्या मते सगळ्यात वजनदार फिजिओथेरपी आहे, ती गोळी मिळाली म्हणून लांबवू नका.

ऑपरेशन असतं, व्हेस्टिब्युलेक्टोमी. दुखणारी कडा काढून आतली त्वचा खाली ओढून शिवतात. तुमच्यासारख्या, एकाच जागी आणि स्पर्शानेच दुखणाऱ्या निवडक बायकांत त्याचा परिणाम चांगला येतो, पण तो शेवटचा पर्याय. सबंध भागात आपोआप आग होत असेल तर ते करत नाहीत.

सुरंगी
अबोली, नणंदेला हा सगळा धागाच पाठव. त्या पण वाचतील, आणि कुणी सांगावं.

अबोली_डिचोली
अगं, नणंदेचाच रात्री फोन आला. सासूबाईंचा निरोप द्यायला नाही, तिला विचारायचं होतं काडीची तपासणी दुखते का.

पाटो_पूल
खर्चाचं आणि जागेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, बहिणीसाठी चौकशी केली होती. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्त्रीरोग, त्वचारोग आणि फिजिओथेरपी हे तिन्ही विभाग आहेत, म्हणजे एका विभागातून दुसऱ्याकडे चिठ्ठी घेऊन जाता येतं. डिचोलीहून पणजीला उतरून मडगावच्या बाजूची बस. सकाळी लवकर पोचा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. जुने कागद सोबत असू द्या.

तिरफळ
पाटो पूल पुन्हा बांधला, तोही मजबूत. अभिनंदन.

शेणवी_गल्ली
उशिरा आले. मी बाळंतीण आहे, बाळ अजून अंगावरच पितं. टाके भरलेत, पण खाली कोरडं आणि आग. हे सगळं वाचून घाबरले. मलाही व्हल्व्होडायनिया झालाय का?

डॉ_मोगरी
इतक्यात ते नाव लावू नका. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन खाली असतं, त्यामुळे हा कोरडेपणा अगदी नेहमीचा आहे आणि पाजणं कमी झालं की बहुधा जातो. तोवर साबण बंद, संबंधाच्या वेळी बिनवासाचं पाण्याचं जेल. खूपच त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ योनीत लावायचं थोडं इस्ट्रोजेन क्रीम काही दिवस देतात. ते पाजत असताना चालेल का, किती, हे त्यांनाच ठरवू द्या. टाक्याची जागा एका ठिकाणी टोचत असेल तर ती वेगळी दाखवा. तपासायला जाल तेव्हा बाळाला पाजून मग निघा, रांग मोठी असते.